अडतिसावी खूण

आमच्या शाळेत मुलं कुणालाच सोडत नाहीत. मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्या मुलांच्या भाषेत 'भोंगा'. मी ऑफिसात प्रवेश आणि दाखले बघते, म्हणून मी 'शिक्का'. आणि आरोग्य केंद्रातून येणारी सिस्टर म्हणजे 'पेन्सिलबाई'. टोचायला येणाऱ्या बाईला मुलांनी सुईवरून नाव ठेवलं नाही, यातच तिचा हात किती हलका होता ते आलं. तिच्या उजव्या कानामागे कायम एक पेन्सिल खोवलेली असायची आणि गळ्यात दोरीला निळं पेन.

ही पेन्सिल आणि हे पेन म्हणजे तिचा कायदा होता. मूल रांगेतून पुढे आलं, नाव सांगितलं, की यादीत नावासमोर पेन्सिलीची बारीक खूण. मग ती कपाळाला हात लावणार, घसा बघणार, दंड चाचपणार. सुई गेली, कापूस दाबला, की त्याच खुणेवर शाईची खूण. मधल्या वेळात मूल रडून पळालं किंवा अंग कोमट लागलं, तर पेन्सिल तशीच राहणार आणि ते मूल पुढच्या खेपेला गाठलं जाणार. "पेन्सिल म्हणजे मूल आलं. शाई म्हणजे लस गेली." हे मी नऊ वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगितलं असतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

केंद्राने तिला तीन शाळा दिल्या होत्या. आमच्याकडे ती मंगळवारी आणि शुक्रवारी यायची आणि माझ्याच खोलीत, हिरव्या पडद्यामागे बसायची. एक स्टूल, एक टेबल, आणि बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. डब्यात पुठ्ठ्याचे बारा कप्पे, बारा महिन्यांचे. ज्या मुलाचा पुढचा डोस ज्या महिन्यात, त्याचं कार्ड त्या कप्प्यात. महिन्याची पहिली तारीख उजाडली की पुढचा गठ्ठा काढायची आणि ज्यांची मुलं आली नाहीत त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची. एखादी आई "उद्या आणते" म्हणाली, की ही शांतपणे विचारायची, "किती वाजता?" बस, एवढंच. त्या 'किती वाजता'ने भलेभले गारद व्हायचे. एक बाप तर तिला गल्लीच्या तोंडाशी पाहून घरात कपाटामागे जाऊन उभा राहिला होता. ही आत गेली, कपाटाला म्हणाली, "दादा, शुक्रवारी दहाला आणा, उपाशीपोटी आणू नका," आणि परत आली. शुक्रवारी दहाला तो आला. वर ओशाळून हसला.

शाळेचा नियम असा की लसींचं कार्ड पूर्ण असल्याशिवाय पहिलीत नाव चढत नाही. नियम माझ्या टेबलावर होता, पण तो पाळला जायचा तिच्या पायांमुळे. इतकी का धावतेस, असं मी एकदा विचारलं. तिने डबा पुसत पुसत सांगितलं, की शिकत असताना तिची ड्युटी गोवराच्या वॉर्डात लागली होती. मुलांना उजेड सहन होत नसे, म्हणून तिचं पहिलं काम खिडक्यांना चादरी बांधायचं. "एका आठवड्यात दोन खाटा रिकाम्या झाल्या, ताई. मी चादरी बांधतच होते."

तिच्या डब्यातलं सगळ्यांत हट्टी कार्ड होतं लवंगीचं. लवंगी म्हणजे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची मुलगी; एवढीशी, पण जिभेला धार. तिला लहानपणी एका लशीनंतर दोन रात्री सडकून ताप आला होता. नवरा कामासाठी बाहेरगावी, घरी ही एकटी. तेव्हापासून इस्त्रीवालीने कानाला खडा लावला होता. सिस्टर दोन वर्षं तिच्या टेबलासमोर उभी राहिली. भांडली नाही, घाबरवलं नाही. ताप का येतो, किती दिवस राहतो, काय करायचं, तेच ते सांगत राहिली. शेवटी इस्त्रीवाली म्हणाली, "ठीक आहे. शाळेत सगळ्यांबरोबर द्या. पण एकदाच." सिस्टरने शब्द दिला: "माझ्या यादीत शाईची खूण झाली, की तुझ्याकडे परत मागायला येणार नाही."

आता माझ्याबद्दल. माझं अक्षर चांगलं आहे. हे मी सांगायला नको, पण गावभर लोक सांगतात, मग मीच कशाला लाजू? शाळेचे फलक, निकालपत्रं, निरोपाची मानपत्रं, सगळी माझ्या हातची. आणि सिस्टरचं अक्षर म्हणजे बघवत नाही. त्या दिवशी मोठ्या शिशूच्या तीन वर्गांना गोवराचा दुसरा डोस होता. शंभरावर मुलं, खोलीत रडारड, पंखा बंद. दोन वाजता काम उरकून ती लशींची बर्फाची पेटी केंद्रावर परत द्यायला धावली, कारण बर्फ थांबत नाही. तीन वाजता तपासणीला साहेब यायचे होते. ब वर्गाची यादी माझ्या टेबलावर पडली होती: पाण्याचे थेंब, स्पिरिटचा डाग, वेड्यावाकड्या खुणा. असला कागद साहेबांसमोर? माझ्या ऑफिसातून? मी कोरा कागद घेतला, पट्टी घेतली, अडतीस नावं सुरेख उतरवली आणि प्रत्येकासमोर एकसारखी टपोरी खूण केली.

एका नावासमोर नुसती पेन्सिल होती. मी ती पाहिली. पेन चाललं नसेल, असं मनाशी म्हणून मी तिथेही शाईची खूण केली. अर्धा क्षण थांबले असेन, जास्त नाही. मग जुना कागद फाडून टोपलीत टाकला. साहेबांनी यादीचं कौतुक केलं आणि मी दिवसभर हवेत होते.

शुक्रवारी सिस्टर आली, यादी पाहिली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "सगळी झाली? मला वाटलं एक राहिलं होतं."

"नाही गं, सगळी आहेत. बघ की."

तिने पाहिलं. माझी टपोरी अक्षरं पाहिली आणि खाली सही केली. वर्गातल्या बाईंनी यादी मोठ्याने वाचली आणि मुलांना घरी न्यायला 'दुसरा डोस पूर्ण' अशा चिठ्ठ्या वाटल्या. त्याही मीच लिहिल्या होत्या.

दोन महिने गेले. एका मंगळवारी अकराच्या सुमाराला ऑफिसचा फोन वाजला. केंद्रातले डॉक्टर होते. मी फोन सिस्टरच्या हातात दिला. ती "हो, हो" करत होती आणि बोलता बोलता तिचा चेहरा उतरत गेला. ब वर्गात तीन आठवड्यांपूर्वी एक नवी मुलगी आली होती. तिचं कार्ड जुन्या शाळेतून यायचं होतं, आणि नियमाने महिन्याची मुदत होती. गेला आठवडाभर ती आजोळी होती. फक्त सोमवारी, म्हणजे आदल्या दिवशी, शाळेत येऊन बसली, आणि संध्याकाळी तिच्या अंगावर पुरळ उठलं. गोवर.

"ब वर्ग झालेला आहे आपला," मी म्हटलं. "काळजी कसली?"

तिने पिशवीतून एक चतकोर वही काढली. ही तिची बाटल्यांची वही. एका बाटलीत दहा डोस. बाटली फोडली की चार तासांत संपवायची, उरलं ते टाकून द्यायचं. किती फोडल्या, किती दिले, किती टाकले, हे ती बाटलीसमोरच लिहायची. ब वर्ग: चार बाटल्या. टाकले तीन डोस. तिने बोटावर मोजलं, पुन्हा मोजलं.

"सदतीस," ती म्हणाली. "सदतीस दिलेत, ताई. आणि यादीत अडतीस खुणा आहेत."

ती पेन्सिलीची खूण जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहिली. फक्त तिच्याशेजारचं नाव काही केल्या दिसेना.

"वहीत चुकलं असेल तुझ्या," मी म्हणाले.

"ही वही बाटलीसमोर लिहिलेली असते." ती माझ्याकडे वळली. "मूळ कागद कुठाय?"

"फाडला."

"त्यावर सगळ्या खुणा शाईच्याच होत्या ना? नीट आठवा. एखादी पेन्सिलीची?"

"शाईच्याच होत्या," मी म्हणाले.

का म्हणाले? नोकरी जाईल म्हणून नव्हे. एवढ्यावरून कुणाची नोकरी जात नाही. माझ्या कागदात चूक आहे हे ऐकायची मला सवय नव्हती. एवढ्याशा, फुसक्या कारणासाठी मी नऊ वर्षांच्या मैत्रिणीशी डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलले. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, ही त्याहून वाईट गोष्ट.

"मग माझ्याच हातून झालंय," ती स्टुलावर बसत म्हणाली. "सुईच्या आधीच शाई लावली मी. नऊ वर्षांत कधी केलं नाही. अडतीस जणांतलं कुणीतरी एक तसंच फिरतंय, आणि शंभर मुलांच्या त्या रडारडीत कोण ते मला आठवत नाही."

तिने डॉक्टरांना परत फोन लावला. त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. ते म्हणाले की सोमवारी सकाळी दहाला संपर्क आला, म्हणजे गुरुवारी सकाळी दहाच्या आत लस मिळाली तर ते मूल बहुधा वाचतं, त्यानंतर भरवसा नाही. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, टाकलेले तीन नाही, दोन होते असं करून टाका. आकडे जुळतील. कशाला स्वतःच्या मागे लावून घेताय?"

"आकडे जुळतील, साहेब," सिस्टर म्हणाली. "मुलाचं काय?"

तोडगा तसा सोपा होता. आधी डोस झालेल्या मुलाला आणखी एक दिला तर काही बिघडत नाही. म्हणजे अडतीसच्या अडतीस मुलांना पुन्हा द्यायचा. औषधाचा प्रश्न नव्हता, प्रश्न तोंडाचा होता. अडतीस घरांना सांगायचं, की आमचा कागद खोटा आहे. मोठ्या बाईंनी आकांत मांडला. शाळेचं नाव, पालकांचा गोंधळ, वर्तमानपत्र. सिस्टर ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "शाळेचं नाव नका घालू. माझं घाला."

चिठ्ठी तिने सांगितली आणि मी लिहिली. 'माझ्या नोंदीत चूक झाली आहे. आपल्या मुलाला गोवराचा डोस मिळाला की नाही याची मला खात्री देता येत नाही. कृपया उद्या, बुधवारी, मुलाला घेऊन यावे.' खाली तिचं नाव. अडतीस चिठ्ठ्या. 'माझ्या नोंदीत चूक' हे शब्द मी अडतीस वेळा लिहिले, आणि अडतीसही वेळा त्यातलं 'माझ्या' म्हणजे ती होती. मधेच एकदा तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हात दुखत असेल तर थांबा, ताई." मी मान हलवली. मान वर करून बघायची माझी हिंमत नव्हती.

घरी गेले, जेवले, भांडी घासली. नवऱ्याने विचारलं, "गप्प का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. अख्ख्या दिवसात बोललेलं तेवढं एकच खरं.

बुधवारी आठपासून रांग लागली. लोक काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. काही जण मुकाट्याने आले. एक आई रडली. एका आजोबांनी, नातवाला लस देऊन झाल्यावर, मलाही एक देऊन टाका म्हणून सगळ्यांना हसवलं, आणि त्या दिवसातलं तेवढंच हसू. कपाटामागचा तो बाप धाकट्याला घेऊन आला होता. तो बाकीच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हणजे सिस्टर, तुमच्या वहीवर विश्वास ठेवायचा नाही म्हणा की."

"आज नका ठेवू," ती म्हणाली. "आज सुई डोळ्यांनी बघा."

आणि खरोखर तिने प्रत्येकाला सुई दाखवली, मग दंड, मग खूण. घाम कपाळावरून डोळ्यांत जात होता. मी पडद्याच्या अलीकडे बसून नावं पुकारत होते. प्रत्येक नावाला मी थांबायचे. हेच का ते? यादीतली ही ओळ वरून कितवी? काहीच आठवेना. आणि बोलायचं तर शंभरदा तोंडाशी आलं. पण आता एवढ्या लोकांसमोर? आता सगळ्यांना मिळतेच आहे, मग कुणी केलं याने काय फरक पडतो? मी स्वतःला असं समजावत होते, आणि मला ते पटतही होतं.

चार वाजता सदतीस झाली. एक राहिली. लवंगी.

तिच्या आईने चिठ्ठी पाहून परत पाठवली होती. मागच्या बाजूला पेन्सिलीने, दोनच शब्द: 'झालेली आहे.'

सिस्टरने पेटीतला बर्फ तपासला. पेटी सहाला केंद्रावर परत द्यायची होती. गुरुवारी सकाळी केंद्र नऊला उघडणार, पेटी भरून निघेपर्यंत साडेनऊ, आणि दहाला मुदत संपणार. "आजच व्हायला हवं," ती म्हणाली. "त्या घरात चार महिन्यांचं बाळ आहे. बाळाला अजून ही लस देता येत नाही." ती निघाली. मी शिक्क्याच्या पेटीला कुलूप लावलं आणि तिच्या मागे गेले.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. लांब टेबल, त्यावर घडी घातलेलं घोंगडं, एका बाजूला चुरगळलेल्या शर्टांचा ढीग, दुसऱ्या बाजूला घड्या. कोपऱ्यात टोपलीत बाळ झोपलेलं. टेबलाखाली लवंगी हातरुमालांच्या घड्या घालत बसली होती. इस्त्रीवालीने आम्हाला पाहिलं आणि इस्त्री थांबवली नाही.

"सिस्टर, दोन वर्षं तुम्ही याच जागी उभ्या होतात. काय सांगितलं होतंत मला?"

"शाई लागली की परत मागणार नाही."

"मग आता काय मागताय?"

सिस्टरने सगळं सांगितलं. सोमवार, नवी मुलगी, गुरुवारचे दहा. बाळाचंही सांगितलं. एकही शब्द वाढवून नाही.

"बाळाचं नाव घेऊ नका," इस्त्रीवाली म्हणाली. "बाळाच्या नावाने आई घाबरते हे तुम्हालाही माहीत आहे." तिने शर्ट उलटला. "मी काय म्हणते ते ऐका. हिला पुन्हा ताप आला, दोन रात्री जागले, तर हे कपडे कोण करणार? करेन तेही. पण कशासाठी? कागदावर लिहिलंय झालंय. चिठ्ठी आहे माझ्याकडे. आज तुम्ही म्हणता कागद चुकला. उद्या म्हणाल आजचा कागद चुकला. मी कुठल्या कागदाचं ऐकू?"

सिस्टर हातात पेटीचा पट्टा धरून उभी होती, आणि पाच वाजून गेले होते.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी सुईच्या आधी शाई..."

"तिची नाही," मी म्हणाले.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"चूक तिची नाही. माझी आहे. तिच्या कागदावर एक खूण पेन्सिलीची होती. साहेब येणार म्हणून मी यादी नवीन लिहिली आणि ती खूण शाईची केली. मला दिसलं होतं. तरी केली. कुणाचं नाव ते आठवत नाही."

"तुम्हाला माहीत होतं?" सिस्टरने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"काल तू आकडे मोजलेस तेव्हापासून."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि ते सुख तिने मला दिलं नाही. इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं.

मग टेबलाखालून आवाज आला. "मला नव्हती दिली."

इस्त्रीवाली खाली वाकली. "काय म्हणालीस?"

लवंगी बाहेर आली. हातात अर्धी घडी घातलेला रुमाल. "सिस्टरनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, अंग कोमट आहे, बाकावर बस, पाणी पी. मी बसले. मग घंटा झाली. मग सगळे गेले, मी पण गेले."

"आणि सांगितलं नाहीस? दोन महिने?"

लवंगीने माझ्याकडे पाहिलं. त्या धारदार पोरीच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेला गोंधळ होता. "बाईंनी वर्गात यादी वाचली, त्यात माझं नाव होतं. चिठ्ठी पण मिळाली. मग मला वाटलं, दिली असेल. मीच विसरले असेन."

मला मान खाली घालावी लागली. सहा वर्षांच्या मुलीला तिचा दंड एक सांगत होता आणि माझं अक्षर दुसरं. तिने माझ्या अक्षराचं ऐकलं.

इस्त्रीवालीने लवंगीला उचलून टेबलावर, गरम घोंगड्यापासून दूर, बसवलं आणि तिची बाही वर केली. "द्या," ती सिस्टरला म्हणाली. सिस्टरने कपाळाला हात लावला, घसा पाहिला, बाटली फोडली. लवंगी रडली नाही. तिने आईचा अंगठा एवढा दाबला की तो पांढरा पडला. मग अर्धा तास आम्ही तिघी बसून राहिलो, कारण लशीनंतर मूल अर्धा तास नजरेसमोर ठेवायचं असतं. बाळ उठलं, दूध प्यायलं, पुन्हा झोपलं.

निघताना इस्त्रीवाली दारात आली आणि मला म्हणाली, "ऑफिसच्या बाई, गोवर आधी कानामागे दिसतो म्हणतात. खरं का?"

मी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर म्हणाली, "हो. किती दिवस बघायचं ते सांगते. एकवीस."

"मग एकवीस दिवस रोज सकाळी मी हिला तुमच्या खिडकीशी आणणार," ती मलाच म्हणाली. "सिस्टर नाही, तुम्ही बघायचं."

केंद्रापर्यंतच्या वाटेवर सिस्टर एवढंच म्हणाली, "पेटी धरा." मी पेटी धरली. सहाला पाच मिनिटं कमी होती. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंना माझ्या नावाने लेखी दिलं, आणि अडतीस घरांना दुसरी चिठ्ठी लिहिली. या खेपेला 'माझ्या' म्हणजे मी होते. कपाटामागचा बाप खिडकीशी येऊन मला बरंच काही बोलला. मी ऐकून घेतलं. सिस्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येत राहिली, काम करत राहिली. माझ्याशी कामापुरतं बोलायची, आणि मी तिला 'राग गेला का' असं विचारलं नाही. ते विचारायचा हक्क माझा नव्हता.

इस्त्रीवाली मात्र शब्दाची पक्की. रोज सकाळी पावणेआठला माझ्या खिडकीशी. कडेवर बाळ, हाताला लवंगी. ती लवंगीची वेणी बाजूला करायची, तिचं डोकं उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, "बघा." मी उजवा कान बघायचे, डावा कान बघायचे, मानेची वळी बघायचे. मग बाळाचंही तसंच. आठव्या दिवशी लवंगीच्या मानेवर एक लाल ठिपका दिसला आणि केंद्र उघडताच मी फोन लावला. सिस्टर धावत आली, तिने पाहिलं. डास चावला होता. दहाव्या दिवशी बाळ शिंकलं. बाराव्या दिवशी लवंगी शाळेत आलीच नाही. मी मधल्या सुट्टीत दुकानापर्यंत पळत गेले. ती पोट दुखतंय म्हणून घरी होती, आणि पोटाचं कारण म्हणजे गणिताची चाचणी. मी भर रस्त्यात हसत सुटले, आणि मग बराच वेळ नळाशी उभी राहून तोंड धुतलं.

एकविसाव्या दिवशी इस्त्रीवालीने लवंगीची वेणी सोडली, बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "झालं." दुसरं काही नाही. ती वळून गेली.

बाविसाव्या दिवशी सकाळी मी सवयीने खिडकी उघडून उभी राहिले. पावणेआठ झाले. आई नव्हती. लवंगी एकटीच आली. तिने खिडकीच्या कट्ट्यावर दप्तर ठेवलं, दोन्ही हातांनी वेणी वर धरली, मान वळवली आणि म्हणाली, "बघा. नीट बघा."

मी नीट बघितलं.